उन्हाळी सुटीतील संशोधन प्रकल्प : विषयाची निवड

शालेय विज्ञान प्रदर्शनांत ज्वालामुखीची प्रतिकृती, सौर चूल आणि पवनचक्की हमखास आढळतात. त्यांमागे हस्तकौशल्य असते, परंतु त्यांना संशोधन म्हणता येत नाही. कारण उत्तर आधीच ठाऊक असते. १९९३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेने १० ते १७ वर्षे वयाच्या मुलांकडून वेगळी अपेक्षा ठेवली. आपल्या परिसरातील एखादा प्रश्न प्रत्यक्ष निरीक्षणाने तपासावा, ही ती अपेक्षा. मुंबईतील डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेतही प्रकल्पाला स्थान आहे. अशा कामासाठी सलग वेळ मिळतो तो उन्हाळी सुटीतच. विषय निवडण्यातच सुटीचे दिवस सरले, तर घाईने घेतलेला विषय अखेर पालकांच्या हातून पूर्ण होतो आणि विद्यार्थी केवळ तक्ते वाचून दाखवितो.

विषय कोठे शोधावा, याचे उत्तम उदाहरण कोलकाता शहरात मिळते. शहराच्या पूर्वेस सुमारे १२,५०० हेक्टरांवर पसरलेल्या पाणथळ क्षेत्राला २००२ मध्ये रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्व लाभले. महानगराचे सांडपाणी कालव्यांतून येथील उथळ तळ्यांत सोडले जाते. या तळ्यांना बंगालीत ‘भेडी’ म्हणतात. जिवाणू सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्याचे विघटन करतात, त्यातून सुटलेल्या पोषकद्रव्यांवर शैवाल वाढते, शैवाल सूर्यप्रकाशात प्राणवायू निर्माण करते आणि या सूक्ष्म जीवसृष्टीवर मासे पोसले जातात. मच्छीमारांनी अनुभवातून घडविलेल्या या व्यवस्थेचे महत्त्व ध्रुवज्योती घोष यांनी जगापुढे मांडले.

आता येथे शालेय विद्यार्थ्याने काय करावे? ‘पाणथळ क्षेत्राचे प्रदूषण’ हा विषय प्रबंधाला शोभेल. सहा आठवड्यांच्या सुटीत तो पेलणार नाही. त्याऐवजी ‘भेडीतील पाण्यात विरघळलेला प्राणवायू पहाटे आणि दुपारी किती बदलतो आणि सांडपाणी न घेणाऱ्या तळ्यापेक्षा हा फरक मोठा असतो का?’ असे विचारता येईल. रात्री शैवाल प्राणवायू निर्माण करीत नाही, उलट सर्वच जीव तो वापरतात. म्हणून पहाटे त्याचे प्रमाण सर्वांत कमी असावे, असा तर्क आधीच लिहून ठेवता येतो. तो चुकीचा ठरण्याची शक्यता खुली असते, हेच या प्रश्नाचे बलस्थान आहे.

मग हिशेब मांडावा. दोन तळी, दिवसातून दोन वेळा, प्रत्येक वेळी दोन बाटल्या म्हणजे दिवसाला आठ नमुने होतात. आठवड्यातून दोन दिवस, याप्रमाणे सहा आठवड्यांत ९६ नमुने भरतात. विंकलर पद्धतीत नमुना घेताच जागेवर रसायने घालून प्राणवायू बद्ध करावा लागतो आणि पुढील टप्प्यात तीव्र आम्ल लागते. त्यामुळे शाळेची प्रयोगशाळा सुटीत उघडी राहील का आणि शिक्षक उपस्थित असतील का, याची चौकशी विषय ठरविण्यापूर्वीच केली पाहिजे. प्रयोगशाळा न मिळाल्यास २० सेंटिमीटर व्यासाची काळी-पांढरी सेक्की तबकडी दोरीने पाण्यात सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते, हे मोजावे. प्रश्न पारदर्शकतेपुरता मर्यादित होईल, पण तो विद्यार्थ्याचा स्वतःचा राहील.

सांडपाण्यातील जिवाणू घरी वाढवून मोजण्याचा मोह मात्र टाळावा. १९५० पासून अमेरिकेत भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय विज्ञान व अभियांत्रिकी मेळाव्याच्या नियमांनुसार घरी जिवाणूंचे संवर्धन करण्यास मनाई आहे. मानवांवरील आणि पृष्ठवंशीय प्राण्यांवरील प्रयोगांसाठीही काम सुरू होण्यापूर्वी मान्यता लागते. नमुने घेताना हातमोजे वापरावेत, सोबत प्रौढ व्यक्ती असावी आणि तळ्याच्या व्यवस्थापकांची परवानगी घेतलेली असावी.

हीच मोजणी ठाण्याच्या तलावांत किंवा कोल्हापूरच्या रंकाळ्यात करता येईल. केवळ तुलनेचे तळे बदलेल.

कोलकात्यात साधारणतः जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मोसमी पाऊस पोहोचतो आणि त्याआधीही कालबैशाखीची वादळे येतात. पावसाने पाणी विरळ होते, ढगांमुळे शैवालाला प्रकाश कमी मिळतो. म्हणून प्रश्न एप्रिलअखेर कागदावर उतरावा, पहिला नमुना मेच्या पहिल्या आठवड्यात घ्यावा आणि पावसानंतरच्या नोंदी वहीत वेगळ्या ठेवाव्यात.