हलणारा दात काढण्याआधी

कळण्याची भाकर आणि ठेचा समोर आहे, पण घास चावता येत नाही. एरंडोलकडच्या कितीतरी घरांत आजी भाकर दुधात कुस्करून खाते. विचारले तर म्हणते, "वय झाले." वाचकहो, दात नुसत्या वयाने पडत नाहीत. पुष्कळदा ते हिरड्यांच्या रोगाने पडतात, आणि तो रोग तरुणपणीच शिरलेला असतो.

किडका दात ठणकतो, रात्र जागवतो, म्हणून माणूस दवाखाना गाठतो. हिरडीचा रोग मात्र मुका. दातांवर रोज चिकट थर धरतो. तो निघाला नाही, तर काही दिवसांत चुन्यासारखा टणक होतो. हेच किटण. ते हिरडीखाली सरकते, हिरडी सुजते, दात घासताना रक्त येते. पुढे दाताला धरून ठेवणारे हाड झिजते. अंजनीच्या काठावरची बाभूळ पाहा. पुराने मुळाखालची माती नेली की झाड हिरवे असूनही कलते. दाताचे तसेच होते. झिजलेले हाड सहसा पुन्हा भरून येत नाही, पण वेळीच उपचार झाले तर पुढची झीज थांबवता येते.

आता मिश्रीविषयी. भगिनींनो, रागावू नका. तव्यावर तंबाखू भाजून केलेली मिश्री दात घासायला म्हणून सुरू होते, आणि मग दिवसातून चार वेळा बोट तोंडात जाते. ठणका दबल्यासारखा वाटतो, म्हणून ती औषध वाटते. प्रत्यक्षात ती हिरडी खाते आणि तोंडाच्या कर्करोगाला वाट करून देते. दंतमंजनात तंबाखू घालण्यास सरकारने १९९२ मध्ये बंदी केली. घरच्या तव्यावर कोण बंदी घालणार?

"सफाई केली की दात हलतात," असे पारावर सांगतात. तसे नाही. दात आधीच सैल झालेला असतो, किटणाने तो जखडल्यासारखा वाटतो, एवढेच. किटण निघाल्यावर फट जाणवते, थंड पाणी काही दिवस झोंबते. मग सूज उतरून हिरडी आवळते. म्हणून "दात हालस, काढी टाका" असे लगेच म्हणू नका. आधी दंतवैद्याला विचारा, वाचवता येईल का?

लहान कीड असेल तर खड्डा भरून भागते. खोल गेली असेल तर मुळातली नस साफ करून वर टोपी बसवतात. पण हिरडी सडलेली ठेवून महागडी टोपी बसवणे म्हणजे खचलेल्या भिंतीवर नवे पत्रे घालणे. आधी हिरडी, मग टोपी.

मधुमेह असेल त्यांनी हयगय करू नये. साखर वाढली की हिरड्या बिघडतात, आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात येत नाही. गरोदरपणातही हिरड्यांतून रक्त येते. तेव्हा डॉक्टरांना सांगून सफाई करून घेता येते.

घरी राख, विटेची भुकटी नको. मऊ ब्रश सकाळी आणि रात्री निजण्यापूर्वी फिरवा. मिठाच्या गुळण्यांनी आराम पडतो, किटण निघत नाही.

ग्रामीण रुग्णालयात दंतवैद्य कोणत्या दिवशी असतात, ते आधी विचारून घ्या. धुळ्याला दंत महाविद्यालयही आहे. जाताना चालू गोळ्यांची चिठ्ठी बरोबर न्या. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नका.