ताटावर रेंगाळलेले चार सिनेमे

वर्ष संपले की वृत्तपत्रांत सर्वोत्तम चित्रपटांच्या याद्या येतात. त्या जाणकारांच्या असतात. मी कॉलेजात शिकवणारा एक हौशी प्रेक्षक. माझा निकष साधा आहे : सिनेमा पाहून घरी आल्यावर जेवताना त्यावर किती वेळ बोलणे झाले? आमच्या आईचे माहेर धारवाडचे. ती रागावते कन्नडमध्ये आणि समजूत घालते मराठीत. सौ. कोल्हापूरकडची आणि मुले दोन्हीकडची. अशा या घरात २०२५ साली प्रदर्शित झालेले चार सिनेमे अजून बोलण्यात आहेत.

पहिला 'स्थळ'. जयंत सोमलकर यांचा हा चित्रपट ७ मार्चला लागला. त्याआधी २०२३ मध्ये टोरांटो महोत्सवात त्याला नेटपॅक पुरस्कार मिळाला होता. चित्रण चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचे आणि कलाकार बहुतेक तिथलेच. कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याची मुलगी सविता हिला एमपीएससी द्यायची आहे. पण घरी पाहुणे येतात, तिला बसवतात आणि विचारतात : नाव काय, शिक्षण किती, उंची किती? पुन्हा नवे पाहुणे, पुन्हा तेच प्रश्न. पहिल्या वेळी आम्ही हसलो. तिसऱ्या वेळी आमच्या रांगेत कोणी हसले नाही.

घरी येताना सौ. म्हणाली, "अहो, मला पाहायला आलात तेव्हा काय काय विचारले होते, आठवते?"

मला आठवेना. तिला आठवत होते. "जरा चालून दाखव म्हणाले होते."

"ते मामांनी म्हटले होते," मी म्हणालो.

"हो. तुम्ही गप्प बसला होतात."

त्या रात्री मला जेवण गोड लागले नाही. आई मात्र शांतपणे म्हणाली, "आमच्याकडे त्याला हेण्णु नोडोदु म्हणतात. पोह्यांच्या जागी उप्पिट्टु. बाकी सगळे तेच."

दुसरा कन्नड सिनेमा, 'सु फ्रम सो', म्हणजे सोमेश्वरची सुलोचना. जे. पी. तुमिनाड यांनी लिहिला आणि दिग्दर्शित केला. निर्माते राज बी. शेट्टी. २५ जुलैला लागला आणि तोंडोतोंडी पसरला. किनाऱ्यावरच्या गावात अशोक नावाच्या तरुणाच्या अंगात बाईचे भूत आल्याचा बोभाटा होतो, आणि स्वतःला सुटता येऊ नये असा तो त्यात अडकतो. गंमत अशी की यातले मंगळूरकडचे कन्नड आईला चटकन कळेना. धाकटाच तिला विनोद समजावून सांगत होता! 'अंगात येणे' याला कन्नडमध्ये 'मैमेले बरोदु' म्हणतात, हे मात्र आईने त्याला शिकवले. हसता हसता सिनेमा एक गोष्ट सांगून जातो. गाव मेलेल्या बाईला घाबरते. जिवंत बाईचे दुःख मात्र त्याला दिसत नाही.

तिसरा 'दशावतार', सुबोध खानोलकर यांचा, १२ सप्टेंबरचा. ऑगस्टमध्येच ८१ वर्षे पूर्ण केलेले दिलीप प्रभावळकर यात दशावतारी कलावंत बाबुली मेस्त्री झाले आहेत. नजर अधू होत चाललेला म्हातारा, मुलाची काळजी आणि तरीही न सुटणारे रंगभूमीचे वेड. उत्तरार्धातला सूड मला जरा लांबलेला वाटला. पण तोंडाला रंग लावताना प्रभावळकरांचे बदलणारे डोळे पाहण्यासाठी मी पुन्हा तिकीट काढीन. आईला माहेरी पाहिलेले यक्षगान आठवले आणि दोघी सासू-सुना त्यावर अकरा वाजेपर्यंत बोलत बसल्या.

'कांतारा : चॅप्टर १' मुलांनी दोनदा पाहिला. देखावे भव्य खरे, पण ताटावर तो दहा मिनिटेही टिकला नाही.

चौथा 'साबर बोंडं'. साबर म्हणजे निवडुंग. त्याचे काटेरी, आतून गोड फळ. रोहन कानवडे यांच्या या मराठी चित्रपटाला जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. सप्टेंबरमध्ये तो आपल्याकडे लागला. मी पुण्याला गेलो असताना एकट्याने पाहिला. वडील गेल्यावर आनंद मुंबईहून दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. नातेवाईक लग्नाचा विषय सोडत नाहीत. त्याचे मन मुलींकडे नाही, हे फक्त आईला ठाऊक आहे. गावात त्याला बालपणीचा मित्र बाळ्या भेटतो. फारसा आवाज न करता ही गोष्ट पुढे जाते.

आठवडाभर मी घरी याविषयी बोललो नाही. शेवटी धीर करून आईला गोष्ट सांगितली. तिने एकच विचारले, "त्याची आई काय म्हणाली?"

"ती त्याच्या बाजूने होती."

"मग झाले तर," म्हणून ती उठून ताटे उचलू लागली.

वाचकहो, या चारही सिनेमांत शेवटी घरच आहे, आणि घरात कोण बोलते, कोण गप्प बसते एवढाच प्रश्न आहे. तो दोन्ही भाषांत सारखाच आहे. पुढच्या महिन्यात माझ्या भाचीला पाहायला मंडळी येणार आहेत. तिने आपले प्रश्न वहीत लिहून ठेवलेत. सौ.ने बजावले आहे की सगळ्यांना सारख्या खुर्च्या मांडायच्या. मी मामा म्हणून तिच्याशेजारी बसणार आहे. चालून दाखव, असे कोणी म्हणालेच, तर या खेपेला गप्प बसायचे नाही, एवढे मी ठरवले आहे.