दैर अल-मदीनाचा हजेरीपट

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात 2012 च्या अखेरीस ब्रिटिश संग्रहालयाच्या सहकार्याने नेस्पेरेन्नुब नामक पुरोहिताची ममी मांडण्यात आली, आणि सुमारे 2800 वर्षांपूर्वीच्या त्या देहावरील एकही पट्टी न उलगडता, सीटी स्कॅनच्या साहाय्याने, त्याची हाडे, दात आणि कवटीला चिकटून राहिलेले मातीचे वाडगे मुलांना पाहता आले. उपक्रम स्तुत्यच होता. तथापि पिंपरी, भोसरी, चाकण या टापूतील ज्या मुलांच्या घरचा दिनक्रम आईबापांच्या पाळ्यांवर ठरतो, त्यांना प्राचीन इजिप्तची ओळख राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांपासून करून द्यावी, असे माझे ठाम मत आहे.

हे कारागीर नाईलच्या पश्चिम तीरावर, आजच्या लक्सरसमोर, दैर अल-मदीना या गावी राहत. तटबंदीच्या आत दाटीने बांधलेली सुमारे 68 घरे. कामकऱ्यांच्या ‘उजवी’ व ‘डावी’ अशा दोन टोळ्या. प्रत्येकीवर एक मुकादम आणि सर्व दप्तर सांभाळणारा लेखनिक. तांब्याची छिन्नी हवाली करताना तिचे वजन होई आणि परत घेताना ते पुन्हा ताडून पाहिले जाई. खोल भुयारातील दिव्यांच्या वातीसुद्धा मोजून मिळत. टूलरूमचा रिवाज ज्यांच्या घरात रोज ऐकू येतो, त्या मुलांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

दुसऱ्या रामसेसच्या 40 व्या राज्यवर्षातील या गावचा एक हजेरीपट ब्रिटिश संग्रहालयात आहे. चुनखडीच्या त्या फरशीवर 40 कामगारांची नावे असून, गैरहजेरीचे दिवस काळ्या शाईने आणि त्यांची कारणे तांबड्या शाईने नोंदविली आहेत: कोणाला विंचू चावला, कोणाचे डोळे आले, कोणाची आई आजारी पडली, कोणी घरी बिअर गाळीत बसला. तीन सहस्रकांपूर्वीचा मनुष्य इतका जवळून भेटावा, हे सोन्याच्या मुखवट्यानेही सहसा साधत नाही.

वेतन धान्यरूपाने मिळे, आणि तेच तिसऱ्या रामसेसच्या 29 व्या राज्यवर्षी थकले. तेव्हा उपाशी कारागिरांनी हत्यारे खाली ठेवली, तटाबाहेर येऊन एका राजमंदिरामागे ठाण मांडले आणि फेरोला आमची हलाखी कळवा, अशी मागणी केली. ट्यूरिन येथील पपायरसात नोंदलेला हा प्रसंग इतिहासाला ज्ञात असलेला पहिला संप मानला जातो. त्यातील हक्क, भूक आणि धैर्य यांचा अर्थ औद्योगिक वसाहतीतील मुलांना उपजत कळेल.

म्हणून येथील शिक्षकांना माझी विनंती आहे, की पिरॅमिडची उंची सांगण्यापूर्वी त्यांनी हा हजेरीपट फळ्यावर लिहावा, आणि त्यातील कारणे मुलांकडूनच मोठ्याने वाचून घ्यावीत.