खिडकीच्या अलीकडची माणसं

आमच्या तहसील कार्यालयात दाखल्यांच्या खिडकीला काच होती आणि काचेला खालच्या बाजूला अर्धगोल भोक होतं. कागद आत सरकेल, एवढंच. बाहेरच्याला आतलं बोलणं ऐकू येत नसे. मग तो वाकायचा, तोंड भोकाशी आणायचा आणि मोठ्यानं बोलायचा. आत बसलेली मीही तशीच पुढे वाकायचे. दोघांच्या तोंडात जेमतेम वीतभर अंतर उरायचं. 34 वर्षांच्या नोकरीत मला त्यात काही वावगं वाटलं नाही. एप्रिल 2020 मध्ये ऊसतोड मजूर कारखान्यांवरून गावी परतू लागले, मे महिन्यात परराज्यातल्या मजुरांची घरी परतण्याच्या परवानग्यांसाठी रांग लागली, तेव्हा त्या भोकाकडे मी पहिल्यांदा नीट पाहिलं.

मी महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. आमचा तालुका मराठवाड्यातला. कोरोनाच्या साथीच्या काळात सरकारी कार्यालयांतली उपस्थिती 5 टक्क्यांवर आणली गेली, हे अनेकांना आठवत असेल. पण महसूल, आरोग्य, पोलीस, सफाई, पाणीपुरवठा ही खाती अत्यावश्यक. तिथल्या माणसांना घरी बसून चालणार नव्हतं. तलाठी गावात येणाऱ्यांच्या याद्या करत होते, शिक्षक नाक्यांवर आणि रेशन दुकानांवर उभे होते, आशाताई आणि अंगणवाडीताई दारोदार फिरत होत्या. सगळ्यांना कामाचे आदेश मिळाले होते. हे काम करताना स्वतःला कसं जपायचं, याचा कागद मात्र आमच्या कार्यालयात एकाही फाइलमध्ये नव्हता.

त्याची किंमत काय पडली, ते सांगते.

आमच्याकडे एक शिपाई मामा होते. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. त्यांना साखरेचा आजार आहे हे सगळ्या कार्यालयाला ठाऊक होतं, कारण सर्वांचा चहा तेच आणायचे आणि स्वतः बिनसाखरेचा घ्यायचे. तरीही ताप मोजायची मशीन त्यांच्याच हातात दिली आणि त्यांना गेटवर उभं केलं. येणाऱ्या प्रत्येकाच्या अगदी जवळ जाणारा माणूस कोण असावा, याचा विचार कुणी केला नाही. मी टेबलावर बसून रोज त्यांना पाहत होते. मीही केला नाही. गेटवर नेहमी शिपाईच असतो, एवढंच आमच्या डोक्यात होतं. जुलैत ते आजारी पडले आणि ऑगस्टमध्ये गेले.

त्याच आठवड्यात अभिलेख कक्ष सांभाळणारे भाऊसाहेब पॉझिटिव्ह आले. किल्ली त्यांच्याकडे, दुसरी कुणाकडेच नाही. तालुक्याचे जुने फेरफार, सातबाऱ्याची जुनी दप्तरं, सगळं कुलूपबंद. पगारबिलं करणारी मुलगी विलगीकरणात गेली आणि पगाराच्या सेवार्थ या संगणक प्रणालीचं काम दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. ज्यांना दवाखान्याची बिलं भरायची होती, त्यांचेच पगार लांबले. एकाच वेळी चार माणसं आजारी पडल्यावर आमचं कार्यालय जागच्या जागी थांबलं.

पुढे मामांच्या घरच्यांसाठी कागद करायची वेळ आली. कोविडच्या ड्यूटीवर असताना मृत्यू झाल्यास कुटुंबाला 50 लाख रुपये देण्याचा निर्णय राज्य सरकारने मे 2020 मध्ये केला होता. त्यासाठी माणूस खरोखर त्या ड्यूटीवर होता हे कागदावर दिसावं लागे. मामांना ड्यूटी तोंडी लागली होती. लेखी आदेश नाही, जावक क्रमांक नाही. शेवटी उपयोगी पडली ती गेटवरची वही. येणाऱ्याचं नाव, गाव, तापमान, असं पानामागून पान, मामांच्या वळणदार अक्षरात. शेवटच्या पानावरची तारीख ते दवाखान्यात गेले त्याच्या आदल्या दिवसाची होती. ती वही नसती तर आम्ही काय जोडलं असतं, याचा विचार आजही मला अस्वस्थ करतो.

काम करणाऱ्याला जपण्याचा विचारच न करण्याचा हा दोष एका साहेबाचा किंवा एका कार्यालयाचा मानून सोडून देण्यासारखा नाही. त्याचं मूळ जुनं आहे. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि काही महिन्यांत, 1897 मध्ये, साथरोग कायदा आला. मोजक्या चार कलमांचा. त्यात सरकारला हुकूम काढायचे अधिकार आहेत, हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा आहे, सद्‌हेतूने काम करणाऱ्यावर दावा चालणार नाही असं अभय आहे. हुकूम बजावणाऱ्या माणसाच्या तब्येतीबद्दल त्यात शब्द नाही. 2020 मध्ये दुरुस्ती झाली आणि आरोग्य कर्मचाऱ्यांवर हात उचलणाऱ्यांना कडक शिक्षा ठरली. ती हवीच होती. पण ते संरक्षण माणसाच्या हल्ल्यापासून आहे, रोगापासून नाही.

कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेसाठी देशात व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहिता, 2020 आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये ती लागू झाली. तिच्या पहिल्याच कलमात लिहिलं आहे की केंद्र आणि राज्य सरकारच्या कार्यालयांना ती लागू नाही. कंत्राटदारामार्फत तिथे काम करणाऱ्या कामगारांचा तेवढा अपवाद केला आहे. म्हणजे कारखान्यातल्या कामगारासाठी मालकाने काय करायचं ते कायदा सांगतो. तहसीलच्या खिडकीत बसणाऱ्या कारकुनासाठी ते त्या कार्यालयालाच ठरवावं लागतं. म्हणूनच प्रत्येक कार्यालयाचा स्वतःचा आराखडा हवा, आणि तो साथ येण्याआधी हवा.

आराखडा म्हटलं की आपल्याला मास्क आणि सॅनिटायझरची खरेदी आठवते. सुरक्षिततेच्या शास्त्रात क्रम नेमका उलटा आहे. सर्वांत आधी धोका टाळता येतो का ते पाहायचं. मग जागेत बदल करायचा, मग कामाच्या पद्धतीत, आणि अंगावर घालायची साधनं सर्वांत शेवटी. कारण मास्क नाकाखाली घसरतो, ओला होतो, संपतो; उघडलेली खिडकी दिवसभर आपलं काम करत राहते.

मामा गेल्यानंतर आमच्या तहसीलदारांनी सगळ्यांना चिंचेखाली गोल बसवलं आणि विचारलं, "कुठे कुठे भीती वाटते, ते सांगा." पहिल्यांदाच कुणी असं विचारत होतं. सफाई करणाऱ्या मावशींनी सांगितलं की वापरलेले मास्क लोक जिन्यात टाकतात आणि ते त्यांना हाताने उचलावे लागतात. कोतवालांनी सांगितलं की जीपमध्ये मागे सहा जण कोंबतात. मी त्या भोकाचं सांगितलं. आमचा आराखडा त्या दुपारी एका फुलस्केप कागदावर झाला.

टाळता येण्यासारखं पुष्कळ निघालं. नुसतं "माझं काम कुठवर आलं?" हे विचारायला रोज कितीतरी माणसं येत. त्यांच्यासाठी दोन फोन नंबर फलकावर लावले आणि दुपारी दोन तास माणूस बसवला. रांग डोळ्यांदेखत आटली.

मग जागा. दाखल्यांचं टेबल खिडकीतून उचलून बाहेरच्या ओसरीत आणलं आणि मध्ये लांबलचक बाक आडवा टाकला. अर्ज ट्रेमध्ये ठेवायचा आणि मागे सरकायचं. अभिलेख कक्षाच्या खिडक्या कबुतरं येतात म्हणून खिळे ठोकून बंद केलेल्या होत्या. सुताराने एका दुपारी खिळे काढले आणि जाळी बसवली. पहिलं वर्षभर आम्ही फायलींवर औषध फवारत होतो, टपाल 24 तास वेगळं ठेवत होतो. कोरोना बंद खोलीतल्या हवेतून पसरतो हे जागतिक आरोग्य संघटनेनेही पुढे स्पष्ट केलं. फवारणीपेक्षा त्या सुताराने आमचं जास्त भलं केलं, असं मी आज खात्रीनं म्हणते.

मग कामाची पद्धत. तीन गट केले. एक गट दुसऱ्याला भेटणार नाही, डबाही वेगवेगळ्या वेळी. जेवताना मास्क उतरतो आणि गप्पा रंगतात, म्हणून जेवणाची वेळ ही सर्वांत जोखमीची वेळ. प्रत्येक टेबलासमोर दोन नावं लिहिली: मूळ माणूस आणि त्याच्या गैरहजेरीत काम पाहणारा. प्रत्येक किल्लीची दुसरी प्रत सीलबंद पाकिटात साहेबांच्या कपाटात. पगारबिलाचं काम आणखी एकाला शिकवलं. ज्यांना मधुमेह, रक्तदाब, दमा आहे, ज्या गरोदर आहेत, त्यांनी साहेबांना खासगीत सांगायचं. ती यादी कुठे लागणार नाही, पण ड्यूटी लावताना पाहिली जाईल. आणि कुठलीही ड्यूटी लेखी आदेशाशिवाय नाही, मग ती एका दिवसाची का असेना. आदेशाची एक प्रत ज्याची त्याच्या हातात. हे शेवटचं कलम मी स्वतः लिहून घेतलं.

शेवटी साधनं: कुणाला एन-95, कुणाला जाड हातमोजे, ते कसे घालायचे आणि मुख्य म्हणजे कसे काढायचे. काढताना बाहेरची बाजू हाताला लागली तर घातल्याचा उपयोग राहत नाही. मावशींना लांब दांड्याचा चिमटा आणि झाकणाची बादली दिली. मागितलं तर दुकानात मिळण्याजोगी वस्तू होती. मागायला आधी विचारणारं कुणी हवं होतं.

2021 च्या एप्रिलमध्ये दुसरी लाट ऐन भरात होती. आम्ही आजारी पडलो, पण सगळे एकदम पडलो नाही. एक गट घरी बसला तेव्हा दुसऱ्याने कुलूप उघडलं.

प्रत्येक साथ हवेतून येईल असं नाही. लेप्टोस्पायरोसिस साचलेल्या पाण्यातून येतो, म्हणून पुरात पंचनाम्याला जाणाऱ्या तलाठ्याला गुडघ्यापर्यंतचे गमबूट हवेत आणि पायाला जखम असेल तर पाण्यात उतरणं टाळायला हवं. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणजे ऐन कार्यालयाच्या वेळेत. कूलरची टाकी आणि गच्चीवरचं भंगार हा त्याचा पत्ता. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात जीबीएसचे (गुइलेन-बारे सिंड्रोमचे) रुग्ण वाढले तेव्हा संशयाची सुई पिण्याच्या पाण्याकडे वळली. आपल्या कार्यालयाची टाकी शेवटची कधी धुतली, हे किती जणांना सांगता येईल? म्हणून आराखड्यात रोगाचं नाव एकच नको. हवा, पाणी, डास आणि स्पर्श, असे चार रकाने आखावेत आणि प्रत्येकासमोर कोण काय करणार ते नावानिशी लिहावं.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. आराखडा करायला बसाल तेव्हा मस्टरवरची नावं पुरेशी धरू नका. सफाईच्या मावशी, संगणकावरचा कंत्राटी मुलगा, पाणी भरणारा, भाड्याच्या जीपचा चालक यांची नावं मस्टरवर नसतात. रोग मस्टर पाहून येत नाही, आणि यांच्याकडे पगारी रजा नसते. ताप अंगावर काढून माणूस कामावर येतो, कारण न आल्यास दिवस बुडतो. अशा माणसाला भरपगारी घरी थांबू देणं ही सगळ्या कार्यालयाची सुरक्षितता आहे.

सरकारी नोकरीत असलेल्या माझ्या भावाबहिणींना एवढीच विनंती आहे. पुढची साथ कोणती आणि कधी, हे आपल्या हातात नाही. एक दुपार आपल्या हातात आहे. या पावसाळ्याआधी सगळ्यांना, शिपायापासून साहेबापर्यंत, गोल बसवा आणि विचारा की कुठे भीती वाटते. जे निघेल ते एका कागदावर लिहा, त्यावर तारीख टाका, जावक क्रमांक द्या आणि तो कागद सर्वांना दिसेल अशा भिंतीवर लावा. आमच्या मामांच्या वेळी तो कागद नव्हता. तुमच्या कार्यालयात तो असायला हवा.