गोदाकाठचे पैठण

विद्यार्थी मित्रांनो, भूगोलाचे पुस्तक घ्या आणि महाराष्ट्राचा नकाशा उघडा. नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरी नावाचा डोंगर आहे. तेथे गोदावरी नदी उगम पावते. तिच्या निळ्या रेषेवर बोट ठेवा आणि हळूहळू पूर्वेकडे सरकत जा. वाटेत एक मोठा जलाशय लागेल. हा नाथसागर. तो संपतो तेथेच, नदीच्या उत्तर तीरावर, एक लहानसे शहर वसलेले आहे. त्याचे नाव पैठण.

पैठण हे छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबाद, जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. जिल्ह्याच्या मुख्य शहरापासून ते दक्षिणेला सुमारे ५० किलोमीटर दूर आहे. सह्याद्रीचे डोंगर पावसाचे ढग अडवतात. त्यामुळे त्यांच्या पूर्वेकडील या भागात पाऊस बेताचाच पडतो. जमीन मात्र काळी व कसदार आहे. कापूस, तूर, बाजरी ही येथील पिके. पाणी मिळाले की ऊस आणि मोसंबीही चांगली येते. पण पाणी मिळाले तरच! पैठणचा सारा इतिहास या एका गोष्टीभोवती फिरतो.

या गावाचे जुने नाव प्रतिष्ठान. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी येथे सातवाहन राजांची राजधानी होती. उत्तर आणि दक्षिण भारताला जोडणारा व्यापारी मार्ग येथूनच जात असे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने प्रवासाची माहिती देणारे पुस्तक लिहिले. त्यात पैठणचा उल्लेख आहे. भडोच बंदरापासून हे शहर वीस दिवसांच्या वाटेवर आहे आणि येथून अकीकासारखे मौल्यवान दगड गाड्यांवर लादून बंदराकडे जातात, असे तो सांगतो. कल्पना करा, खडबडीत रस्त्यांवरून वीस दिवस चालणाऱ्या त्या बैलगाड्या! त्यांतला माल पुढे जहाजांनी दूरच्या देशांत जाई.

सातवाहनांपैकी हाल नावाच्या राजाने महाराष्ट्री प्राकृत भाषेतील कवितांचा एक संग्रह केला. त्याला ‘गाथासप्तशती’ म्हणतात. त्यातील अनेक कविता गोदावरीच्या काठावरच्या साध्या माणसांविषयी आहेत. राजे गेले, राजवाडे मातीत मिसळले. पण त्या शेतकऱ्यांचे आणि वाटसरूंचे बोलणे आजही वाचायला मिळते.

पैठणचे नाव घेतले की संत एकनाथांची आठवण होतेच. सोळाव्या शतकात ते येथे राहत होते. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी हे देवगिरीच्या, म्हणजे दौलताबादच्या, किल्ल्यावर निजामशाहीचे अधिकारी होते. एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. त्यांनी ‘हिंदू-तुर्क संवाद’ही लिहिला. त्यात एक हिंदू आणि एक मुसलमान धर्मावरून जोरजोराने वाद घालतात. मुसलमानाच्या तोंडी दक्खिनी बोली आहे. शेवटी दोघांचे मन निवळते आणि भांडण मिटते. चारशे वर्षांपूर्वी, मराठी आणि दक्खिनी अशा दोन बोलींत रंगलेला हा संवाद या पैठणच्या संतांनी लिहिला, हे ध्यानात ठेवा.

एकनाथांची एक कथा घरोघरी सांगतात. काशीहून गंगेचे पाणी कावडीत भरून ते रामेश्वरला निघाले होते. वाटेत, तापलेल्या वाळूत एक गाढव तहानेने तडफडत पडलेले त्यांना दिसले. बरोबरचे लोक पुढे चालू लागले. नाथांनी मात्र ते पवित्र पाणी गाढवाला पाजले. देवापर्यंत पाणी पोहोचले, असेच त्यांना वाटले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी फाल्गुन महिन्यात पैठणला नाथषष्ठीची यात्रा भरते. त्या वेळी लाखो वारकरी येथे येतात.

पुढे १७२८ साली थोरले बाजीराव पेशवे आणि निजाम-उल्-मुल्क यांच्यात तह झाला. तो पैठणजवळच्या मुंगी गावी झाला. नंतर हा सारा भाग निजामाच्या हैदराबाद राज्यात राहिला. तेव्हा कचेरीचा कारभार उर्दूत चाले. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद राज्य भारतात सामील झाले आणि १ मे १९६० रोजी पैठण महाराष्ट्र राज्याचा भाग बनले. आजही येथील बाजारात मराठीबरोबर उर्दूही कानावर पडते.

या गावाच्या नावावरूनच एका कापडाला नाव मिळाले आहे. ते म्हणजे पैठणी. रेशमाचे ताणे-बाणे आणि जरीचा पदर हातमागावर विणला जातो. पदरावर मोर, पोपट, वेली उमटतात. एक चांगली पैठणी पुरी व्हायला कित्येक महिने लागतात. आता येवल्यात विणकर अधिक असले, तरी पैठणलाही हातमाग चालू आहेत.

२०११ च्या जनगणनेत पैठणची लोकसंख्या सुमारे साडेएकेचाळीस हजार होती. एवढ्या लहान शहराशेजारी केवढे मोठे धरण आहे, पाहा! १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी झाली. १९७६ साली इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले. मातीचे हे धरण सुमारे दहा किलोमीटर लांब असून त्याला २७ दरवाजे आहेत. डाव्या बाजूचा कालवा २०८ आणि उजव्या बाजूचा १३२ किलोमीटर लांब आहे. मराठवाड्यातील शेतीला पाणी मिळाले. छत्रपती संभाजीनगर आणि जालना या शहरांतील लोक हेच पाणी पितात. हिवाळ्यात जलाशयावर दूरदेशीचे पक्षी येतात. १९८६ साली येथे पक्षी अभयारण्य झाले.

पण या पाण्याची किंमत कोणीतरी दिली आहे. नाथसागरासाठी शंभराहून अधिक गावांची जमीन पाण्याखाली गेली. पिढ्यान्‌पिढ्या जपलेली घरे, शेते, देवळे, मशिदी आणि कबरस्ताने सोडून लोकांना दुसरीकडे जावे लागले. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले, की जुन्या वस्त्यांच्या खुणा वर दिसू लागतात.

नदी पैठणला कधी देते, कधी घेते. ऑगस्ट २००६ मध्ये धरणातून खूप पाणी सोडावे लागले, तेव्हा पैठणमध्ये पूर आला. याउलट २०१२-१३ च्या दुष्काळात नाथसागराचा तळ दिसू लागला होता. वरच्या बाजूला, नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांतही धरणे आहेत. पाऊस कमी झाला की वरच्यांनी किती ठेवावे आणि खालच्यांना किती सोडावे, यावरून वाद होतो. दोन्हीकडे शेतकरीच आहेत, दोन्हीकडची पिके वाळतात. म्हणून पाणीवाटपाचे नियम करावे लागले.

मित्रांनो, नियम सरकार करील. पण तहान ओळखणे हे माणसाचे काम आहे. आज घरी गेल्यावर वडीलधाऱ्यांना विचारा, आपल्या नळाचे किंवा विहिरीचे पाणी कोठून येते? त्यासाठी कोणाची जमीन गेली? आपल्या पुढे ते कोणाला मिळायचे आहे? आणि कधी पैठणला गेलात, तर धरण पाहून झाल्यावर नदीच्या जुन्या घाटावरही थोडा वेळ बसा. दोन हजार वर्षांपासून माणसे तेथे पाणी भरायला येत आली आहेत.