भेटवस्तूवरील नांव : तें कसें उमटतें आणि त्यास काय पडतें

नवें भांडें घेतलें म्हणजे त्यावर नांव घालून घ्यावयाचें, ही आपल्याकडील जुनी रीत आहे. मुंजींत आलेला तांब्या असो वा लग्नांत दिलेली परात असो, तिच्या कांठावर देणाराचें नांव आणि दिवस हीं असावयाचींच. देणारा कालांतरानें दिसेनासा होतो. पण परात पंक्तीसाठीं बाहेर निघाली, कीं घरांतील वडील माणसें त्याची आठवण काढतात. दिवाळीस किंवा वर्धापनदिनास दुकानें, पतपेढ्या, शाळा व दवाखाने आपलें नांव घातलेल्या पिशव्या, पेनें, दिनदर्शिका आणि डबे वाटतात, त्याच्या मुळाशींही हाच हेतु आहे. भेद इतकाच, कीं परातीवरील नांव दोन पिढ्या टिकतें आणि पिशवीवरील नांव पुष्कळदां दोन धुण्यांत जातें. असें कां होतें आणि यांत पैसा कोठें वायां जातो, हें ज्यांच्या घरीं दुकान अगर संस्था आहे त्यांनीं जाणून घेणें अगत्याचें आहे. घरांत मुंज, लग्न किंवा साठीशांत व्हावयाची असेल त्यांनाही हा विचार उपयोगीं पडेल.

नंदुरबारचेंच उदाहरण घेऊं. १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून निराळ्या झालेल्या या जिल्ह्याचें मुख्य गांव मिरचीच्या बाजाराकरितां प्रसिद्ध आहे. हंगामांत गांवाबाहेर मोकळ्या जागेंत पसरलेली लाल मिरची दुरून दिसते. अशा व्यापारी पेठांतून गोणीवर मार्का उमटविण्याची जुनी पद्धति अगदीं साधी : पत्र्यांत अक्षरें कापावयाचीं, तो पत्रा गोणीवर ठेवावयाचा आणि वरून शाईचा कुंचला फिरवावयाचा. पत्रा एकदां कापला, कीं शंभर गोणी करा अथवा हजार करा, कापण्याची मजुरी तेवढीच. वस्तूवर नांव घालण्याच्या सर्व धंद्याचें मर्म या एका पत्र्यांत आहे. तयारीचा खर्च एकदांच होतो. तो किती नगांवर वांटला जातो यावर प्रत्येक नगाची किंमत ठरते.

राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ सालीं मुंबईस निघाला व पुढें तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. तेथील शिळाछापांत प्रत्येक रंगाकरितां स्वतंत्र दगड तयार करावा लागे, आणि प्रत्येक रंगाकरितां कागद पुन्हां यंत्रांत घालावा लागे. इतका खटाटोप परवडे, तो प्रती मोठ्या संख्येनें खपत म्हणूनच. पुढें अशाच चित्रांच्या खालीं आपल्या मालाचें नांव छापून दिनदर्शिका वाटण्याची चाल कंपन्यांत पडली. दगड गेले, यंत्रें बदललीं, तरी ‘जितके रंग तितकी तयारी’ हा नियम पुष्कळ पद्धतींत आजही कायम आहे.

वस्तु तशी पद्धति

कापडी पिशवी व सदरा यांवर बहुधा जाळीचा छाप, म्हणजे स्क्रीन प्रिंटिंग, करतात. चौकटीवर ताणलेल्या बारीक जाळीवर मसाल्याचा लेप देऊन, अक्षरांची जागा तेवढी उघडी ठेवतात आणि रबरी पट्टीनें शाई खालीं दाबतात. गोणीवरील पत्र्याचीच ही सुधारलेली आवृत्ति होय. येथेंही प्रत्येक रंगास निराळी जाळी लागते. छाप उठल्यावर शाई उष्णतेनें पक्की करावी लागते. घाईंत ही शेवटची पायरी नीट पार पडली नाहीं, म्हणजे नांव धुण्यांत जातें. महाराष्ट्रांत २०१८ सालीं प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आल्यापासून कापडी पिशवीस पुन्हां मान आला आहे. म्हणून ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी.

पेन, किल्ल्यांची साखळी अशा लहान व गोल वस्तूंवर जाळी नीट बसत नाहीं. तेथें कोरलेल्या पट्टीवरील शाई सिलिकोनच्या मऊ गादीनें उचलून वस्तूवर टेंकवितात. चिनी मातीच्या पेल्यावर रंगीत छायाचित्र पाहिजे असेल, तर खास कागदावर छापलेला रंग उष्णतेनें वाफ होऊन वस्तूच्या लेपांत शिरतो. ही पद्धति लेप दिलेल्या पेल्यावर किंवा फिक्या रंगाच्या पॉलिएस्टरवर उत्तम साधते. सुती कापडावर ती टिकत नाहीं. टोपी व सदऱ्याचा खिसा यांवर यंत्राचें भरतकाम शोभून दिसतें. त्यांत प्रथम आकृति यंत्राच्या भाषेंत उतरवून घ्यावी लागते, आणि पुढील आकार टांक्यांच्या संख्येवर होतो. रोजनिशीच्या पुठ्ठ्यावरील सोनेरी अक्षरें धातूचा ठसा तापवून, मध्यें चकाकती पन्नी धरून उठवितात. दिनदर्शिका व पत्रकें हजारोंनीं काढावयाचीं तर ऑफसेटवांचून परवडत नाहीं.

राहतां राहिलें पोलादी भांडें. त्यावर पूर्वीं कारागीर हातानें नांव घाली. अलीकडे हें काम लेझर किरणांनीं होतें. त्यांत शाईच नसल्यामुळें घासून नांव जाण्याची धास्ती नाहीं, आणि ठसा किंवा जाळी करावी लागत नसल्यामुळें प्रत्येक भांड्यावर निराळें नांव घालणेंही शक्य होतें. रंगांची हौस मात्र येथें भागत नाहीं.

हिशेब कसा करावा

आतां खर्चाकडे वळूं. पुढील आंकडे केवळ गणितासाठीं धरलेले आहेत. भाव ज्याचे त्यानें आपल्या गांवीं विचारावे. समजा, कोरी पिशवी ३० रुपयांस मिळते, प्रत्येक रंगाची जाळी करण्यास ६०० रुपये पडतात, आणि छापण्याची मजुरी दर रंगास दर नगामागें ४ रुपये आहे. दोन रंगांच्या ५० पिशव्या काढल्या, तर जाळ्यांचे १२०० रुपये पन्नासांवर वांटले जाऊन प्रत्येक पिशवी ६२ रुपयांस पडते. त्याच ५०० काढल्या तर ४० रुपये ४० पैशांस पडते. कापड तेंच, शाई तीच; फरक केवळ वांटणीचा.

उलटपक्षीं, जाळी न करतां यंत्रानें छापलेलें चित्र उष्णतेनें कापडावर चिकटविण्याची एक पद्धति आहे. तिला नगामागें २० रुपये पडतात असें धरलें, तर पिशवी नेहमींच ५० रुपयांस पडेल. मग पन्नास घ्या कीं पांचशें घ्या. म्हणजे या गणितांत १०० पिशव्यांस दोन्ही पद्धती सारख्या पडतात. त्याखालीं चिकटविण्याची पद्धति स्वस्त, त्यावर जाळीची. घरच्या मुंजीकरितां चाळीस पिशव्या काढणाऱ्यानें पांचशें काढणाऱ्या दुकानदाराचें अनुकरण करूं नये, तें याचसाठीं.

यांतून काटकसरीचा आणखी एक मार्ग दिसतो. पन्नासच पिशव्या पाहिजेत, पण रंग एकच पत्करला, तर त्याच हिशेबानें पिशवी ४६ रुपयांस पडते. वांचलेले १६ रुपये खिशांत न घालतां जाड कापड व मजबूत शिवण यांकडे लावावे. दुसरा रंग कोणाच्या ध्यानांतही राहत नाहीं. बंद तुटला तर मात्र तो सर्वांस दिसतो. तसेंच, नांवाबरोबर सालाचा आंकडा घालूं नये. तयार जाळी पुढील वर्षीं पुन्हां वापरतां येते, आणि उरलेल्या पिशव्याही शिळ्या होत नाहींत. जाळी किंवा ठसा कोणाच्या ताब्यांत राहणार, हें पैसे देण्यापूर्वींच ठरवून घ्यावें.

दरपत्रकांत न दिसणारा खर्च

पहिला खर्च वाहतुकीचा. नंदुरबार व नवापूर सुरत-भुसावळ लोहमार्गावर असल्यामुळें तेथील दुकानदारास सुरतेहून कापडी माल मागविणें सोयीचें आहे. पण तोच माल अक्राणीच्या डोंगरांत धडगांवास न्यावयाचा, तर नगामागें कांहीं रुपये वाढावयाचेच. दुसरा खर्च घाईचा. मार्गशीर्षांत दत्तजयंतीस तापीकांठीं सारंगखेड्यास घोड्यांच्या बाजारासह मोठी यात्रा भरते. अशा यात्रेकरितां सांगितलेल्या पिशव्या यात्रा उठल्यावर हातीं आल्या, तर त्यांचें मोल काय ? आणि आयत्या वेळीं सांगितल्यास छापणारा ज्यादा आकार मागणारच. तिसरा खर्च कराचा, आणि तोच बहुधा विसरला जातो. वस्तु व सेवा कर १ जुलै २०१७ पासून सुरू झाला. खरेदीवर भरलेला कर व्यापाऱ्यास एरवीं विक्रीवरील करांतून वजा करतां येतो. परंतु फुकट भेट दिलेल्या वस्तूंवरील करास कायद्याच्या सतराव्या कलमानें ही सवलत नाकारली आहे. म्हणून भेटवस्तूचा हिशेब नेहमीं करासह करावा.

अक्षरांची दक्षता

आपल्या लिपीपुरती एक अडचण आहे, ती दरपत्रकांत कोठेंच लिहिलेली नसते. देवनागरी अक्षरांत अनुस्वार, रफार व वेलांट्या हीं नाजुक अंगें आहेत. जाडसर कापडाच्या विणींत किंवा भरतकामांत बारीक टिंब भरून येतें अथवा नाहींसें होतें. मग ‘नंदुरबार’चें ‘नदुरबार’ आणि ‘शिंदे’ यांचें ‘शिदे’ होण्यास वेळ लागत नाहीं. शिवाय एका संगणकावर जुळविलेलीं अक्षरें दुसऱ्यावर तोच टाइप नसल्यास विस्कटतात, जोडाक्षरें फुटतात आणि वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. यास उपाय दोन. अक्षरांच्या आकृती करूनच मजकूर छापणाऱ्याकडे पाठवावा; आणि पडद्यावरील चित्रावर विश्वास न ठेवतां, प्रत्यक्ष त्याच वस्तूवर काढलेला एक नमुना पाहून मगच संमति द्यावी. तो नमुना घरांतील शुद्धलेखनाचा आग्रह धरणाऱ्या वडील माणसास आधीं दाखवावा. पिशवी असेल तर दोन वेळां धुऊनही पाहावी. एका नमुन्याचे पैसे अधिक पडले तरी पांचशें चुका विकत घेण्यापेक्षां तें स्वस्तच.

काय द्यावें ?

किर्लोस्करवाडीच्या कारखान्यानें १९२० सालीं आपल्या कामाची वार्ता देणारें ‘किर्लोस्कर खबर’ हें पत्र काढलें. जाहिरातीच्या पोटीं जन्मलेल्या त्या पत्राचें पुढें घरोघर वाचलें जाणारें मासिक झालें, कारण त्यांत वाचणाराच्या उपयोगाचें कांहीं होतें. १९७३ सालीं जयंतराव साळगांवकरांनीं काढलेलें ‘कालनिर्णय’ घरोघरीं भिंतीवर गेलें, तेंही तिथिवार पाहण्यास रोज हातीं लागतें म्हणून. भेटवस्तूसही हीच कसोटी लावावी. आठवड्याच्या बाजारास येणाऱ्या गिऱ्हाइकास मिरची-ज्वारीचा भार सोसणारी पिशवी दिली, तर दुकानाचें नांव वर्षभर बाजारांतून फिरतें. त्याच पैशांत तीन हलकीं पेनें दिलीं आणि तीं आठ दिवसांत बिघडलीं, तर पेन करणाराचें नांव कोणास ठाऊक नसतें. दोष लागतो तो वर छापलेल्या नांवास. लहान दुकानदाराजवळ किंवा गांवच्या संस्थेजवळ नांवाखेरीज दुसरें भांडवल फारसें नसतें. तें हलक्या वस्तूवर छापून आपणच कमी करूं नये.

तेव्हां छापणाऱ्याकडे जाण्यापूर्वीं चार गोष्टी कागदावर लिहून न्याव्या : वस्तु कोणत्या जिनसाची, नग किती, रंग किती, आणि ती वर्षभरांत किती वेळां धुतली अथवा घासली जाणार. यांचीं उत्तरें तयार असलीं, म्हणजे पद्धति जवळजवळ आपोआप ठरते आणि दरपत्रकही वाचतां येतें. दर विचारतांना तयारीचा आकार व नगामागील आकार असे दोन्ही निराळे लिहून मागावे. जो छापणारा ते निराळे करून दाखवील आणि नमुना देण्यास कांकूं करणार नाहीं, त्याच्याकडे चार पैसे अधिक पडले तरी काम निर्धास्तपणें सोंपवावें.