स्वप्नात घेतलेला पेला

हिवाळ्यात जळगाव परिसरातील मळ्यांतून भरिताच्या पार्ट्या सुरू झाल्या, की दारू सोडलेले काही जण दवाखान्यात येऊन आवाज खाली करून बोलतात. चार महिने दारूला न शिवलेले बासष्ट वर्षांचे एक गृहस्थ असेच पत्नीसह आले. "डॉक्टरसाहेब, रात्री मळ्यात मी प्यालो. जाग आली तेव्हा जिभेवर तीच चव होती."

ते प्यालेले नव्हते. ते स्वप्न होते. परंतु पहाटे त्यांना घामाघूम बसलेले पाहून पत्नीने आधी तोंडाचा वास घेतला, मग कपाटे धुंडाळली. दोन दिवस घरात अबोला होता.

मद्याने झोप चांगली लागते, हा समज अपुरा आहे. मिटल्या पापण्यांआड डोळे वेगाने हलतात, त्या स्वप्नांच्या टप्प्याला मद्य दाबून ठेवते. ते सुटले की दबलेली स्वप्ने उसळून येतात आणि त्यांत सवयीची वस्तू दिसणे स्वाभाविक आहे. पहिल्या काही आठवड्यांत ती अधिक पडतात, पुढे विरळ होतात. तरी एखादे वर्षांनंतरही पडू शकते. विडी-सिगारेट सोडणाऱ्यांचाही हाच अनुभव आहे.

मी रुग्णाला एकच विचारतो: जाग आल्यावर काय वाटले? "सुटलो, स्वप्नच होते" असे वाटले असेल, तर निश्चय शाबूत आहे. मात्र दिवसभर तल्लफ रेंगाळली, तर त्याच दिवशी समुपदेशकाशी किंवा अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभेत बोलावे. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय मदतवाहिनी निःशुल्क आहे.

घरच्यांनी उलटतपासणी करू नये. वास घेतला जातो हे कळले, की माणूस पुढचे स्वप्न लपवतो, आणि लपवण्याची सवय त्याला जुनीच असते. अर्थात, वर्षानुवर्षे फसवणूक सोसलेल्या पत्नीचा संशय मला अन्याय्य वाटत नाही. तिलाही आधार हवा. १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने पुण्यात सुरू झालेल्या मुक्तांगण केंद्राने पत्नींसाठी 'सहचरी' गट चालवला, तो याचसाठी.

एक गोष्ट मात्र स्वप्न समजू नये. रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू थांबवल्यावर पहिल्या तीन-चार दिवसांत जागेपणी भास, हातांना कंप, असंबद्ध बडबड किंवा झटके आले, तर ती बाहेरची बाधा नव्हे. जिवावर बेतणारी अवस्था आहे. रात्र असली तरी तत्काळ रुग्णालय गाठावे. जळगाव व धुळे या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. अशा माणसाची दारू डॉक्टरांना न विचारता घरी तोडू नये, आणि झोपेसाठी मनाने गोळ्याही आणून देऊ नयेत.

ते दांपत्य संक्रांतीनंतर पुन्हा आले. स्वप्नांविषयी विचारले, तेव्हा उत्तर बाईंनी दिले. "पडतं अजून कधीमधी. आता ते मला उठवतात. मी चहा टाकते."